वाचकांचे प्रश्न : टीव्हीशेजारचा संगणक

टीव्हीला जोडून ठेवायच्या संगणकाविषयी नाशिक शहर आणि परिसरातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रात इतर अनेकांच्या शंकाही आलेल्या असल्यामुळे त्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये ४३ इंची फोर-के टीव्ही असून सोफा त्याच्यापासून साधारण नऊ फुटांवर आहे. जमवलेले चित्रपट, घरगुती चित्रीकरण आणि छायाचित्रे मिळून दोन टेराबाइटच्या आसपास साठा आहे. शिवाय दोन ओटीटींची वर्गणी भरलेली आहे. हे सारे एका ठिकाणी पाहता यावे म्हणून संगणक जुळवून घ्यायचे ठरवले आहे. एका दुकानाने दिलेल्या कोटेशनमध्ये आय५-१२४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचे जीटी ७३० ग्राफिक कार्ड, एक टेराबाइटची एसएसडी, ५०० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि रंगीत दिव्यांचे, चार पंख्यांचे कॅबिनेट असून एकूण रक्कम ४८,००० रुपये होते. माझी मर्यादा २५,००० रुपयांची आहे. यातले काय कमी करावे?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : यातल्या वस्तू कमी करत बसण्यापेक्षा हे कोटेशनच बाजूला ठेवावे, असे माझे मत आहे. त्यातील दोन वस्तू केवळ एकमेकींची उणीव झाकण्यासाठी आलेल्या आहेत. प्रोसेसरच्या नावाअखेरचे ‘एफ’ हे अक्षर त्याच्यात ग्राफिक्सचा भाग नसल्याचे दर्शवते. त्यामुळे टीव्हीला चित्र पाठवण्यासाठी वेगळे कार्ड घेणे भाग पडते आणि ती जागा येथे जीटी ७३० ने भरून काढली आहे. हे कार्ड २०१४ सालचे आहे. खोक्यावर ‘४ जीबी’ असे ठसठशीत छापलेले असले, तरी एचईव्हीसी या कॉम्प्रेशन पद्धतीच्या फाइली डिकोड करण्याची, म्हणजे उलगडून चित्र दाखवण्याची, सोय त्याच्यात नाही. आणि त्याचे एचडीएमआय १.४ आवृत्तीचे असल्यामुळे फोर-के चित्र ते सेकंदाला ३० फ्रेमच्या पुढे पाठवू शकत नाही. तोच प्रोसेसर ‘एफ’ नसलेला घेतला, तर त्याच्या अंगचे ग्राफिक्स चित्रपटांसाठी या कार्डापेक्षा कितीतरी सरस ठरते आणि कार्डाचे पैसेही वाचतात. ग्राफिक कार्डावरच्या जीबींकडे पाहून चित्राचा दर्जा ठरवण्याची सवय आपल्याकडे इतकी रुजली आहे, की दुकानदाराला ते कार्ड विकण्यासाठी फारसे बोलावेही लागत नाही.

चित्रपट पाहताना संगणकाला करावे लागणारे काम एका अर्थी मर्यादित असते. फाइलमधले चित्र ठरावीक पद्धतीने कॉम्प्रेस केलेले असते. २००३ सालची एच.२६४, २०१३ सालची एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ आणि २०१८ सालची एव्ही१ या त्यांतल्या आज वारंवार भेटणाऱ्या पद्धती होत. त्या डिकोड करणारा स्वतंत्र भाग चिपमध्ये असेल, तर अगदी स्वस्त संगणकही फोर-के चित्र सहज दाखवतो आणि त्याचा पंखा फिरतो आहे की नाही हेही कळत नाही. असा भाग नसेल, तर तेच काम प्रोसेसरच्या अंगावर पडते, तो तापतो, पंखा घरघरू लागतो आणि एवढे करूनही चित्र अडखळतेच. इंटेलच्या घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांमध्ये १० बिटांच्या एचईव्हीसीची सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ ची सोय अकराव्या पिढीपासून आली. तेव्हा प्रोसेसर आय३ आहे की आय५, यापेक्षा तो कोणत्या पिढीचा आहे हा प्रश्न दुकानात आधी विचारावा.

आपल्या रकमेत दोन मार्ग बसण्यासारखे आहेत. पहिला मार्ग म्हणजे २०२३ साली आलेल्या इंटेल एन१०० या चिपवरचा तयार मिनी संगणक. या चिपचे ठरावीक वीजमान अवघे ६ वॅट असून वर सांगितलेल्या तिन्ही पद्धतींचे डिकोडिंग तिच्यात अंगभूत आहे. तिच्यासाठी ८ जीबी रॅम पुरते, आणि ती चिप रॅमचा एकच मार्ग वापरत असल्यामुळे दोन पट्ट्या बसवण्याचा प्रश्नही येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला, जेमतेम एखाद्या जाड पुस्तकाएवढा रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकलेला) संगणक. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी आणि एचपीचे एलिटडेस्क मिनी हे त्यातले नेहमी मिळणारे प्रकार आहेत. हा मार्ग धरल्यास आठव्या पिढीच्या खाली उतरू नये. विंडोज ११ त्याहून जुने इंटेल प्रोसेसर सहसा स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. आठव्या पिढीत एव्ही१ ची सोय नसली, तरी सहा गाभ्यांचा (कोरचा) प्रोसेसर फुल एचडीपर्यंतची एव्ही१ फाइल आपल्या बळावर चालवतो, आणि चित्रपटांच्या जुन्या साठ्यात एव्ही१ सहसा नसतेच.

या रिफर्बिश्ड संगणकांत एक खोच आहे. त्यांच्या मागे चित्र बाहेर नेण्यासाठी बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो आणि एचडीएमआय असलेच तर ते अनेकदा १.४ आवृत्तीचे निघते. अशा वेळी डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय २.० काढणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर (आत स्वतःची चिप असलेला) घ्यावा लागतो, म्हणजे फोर-के चित्र ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा) मिळते. त्याच आकाराचा साधा, स्वस्त कन्व्हर्टरही दुकानात शेजारीच टांगलेला असतो; त्याने चित्र दिसते, पण ३० हर्ट्झवर, आणि माउसचा बाण पडद्यावर ओढल्यासारखा चालतो. वस्तू महात्मा गांधी रोडवरून घ्या, कॉलेज रोडवरून घ्या किंवा त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जा, दुकानातच एखाद्या फोर-के टीव्हीला जोडून ६० हर्ट्झ दिसल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

येथे आपल्या सोफ्याच्या नऊ फुटांकडेही लक्ष द्यायला हवे. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर फुल एचडी चित्राचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि निकोप दृष्टीच्या माणसाला असे दोन ठिपके सुमारे साडेपाच फुटांच्या आतच वेगवेगळे दिसतात. नऊ फुटांवरून फुल एचडी आणि फोर-के यांतला निव्वळ ठिपक्यांचा फरक आपल्याला जाणवणार नाही. एचडीआरमुळे (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रपद्धतीमुळे) रंगांत आणि उजेडात पडणारा फरक मात्र दुरूनही दिसतो. म्हणून जुना साठा पुन्हा फोर-केमध्ये मिळवण्याच्या खटाटोपात पडू नये.

ओटीटीसाठी हा संगणक वापरू नये, असे मी स्पष्टच सुचवतो. फोर-के प्रत देण्यापूर्वी या सेवा यंत्राची कसून परीक्षा घेतात. नेटफ्लिक्सचेच उदाहरण घेतले, तर विंडोजवर ठरावीक ब्राउझर, ठरावीक चिप आणि एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारा नियम) पाळणारा पडदा हे सारे जुळावे लागते. लिनक्सवर तर याहून खालच्या प्रतीवर समाधान मानावे लागते. आपल्या टीव्हीतल्या अ‍ॅपला ही मान्यता कारखान्यातूनच मिळालेली असते. टीव्हीतले अ‍ॅप रेंगाळत असेल, तर एखादी स्ट्रीमिंग स्टिक जोडावी. ती संगणकाच्या किमतीच्या काही अंशातच येते. संगणकाकडे फक्त आपला स्वतःचा साठा सोपवावा. एकदा हे ठरले, की विंडोजचीही गरज उरत नाही, कारण कोडी हा मोफत प्लेअर आणि तो चालू करताच पडद्यावर आणणारी लिब्रेएलेक ही तितकीच मोफत प्रणाली एवढ्यावर काम भागते. कोडीचा जन्म २००२ साली एक्सबॉक्सवरचा प्लेअर म्हणून झाला आणि २०१४ साली त्याला आजचे नाव मिळाले. टीव्हीसमोर दूर बसलेल्या माणसाला रिमोटने चालवता यावे, हा विचार त्याच्या रचनेत सुरुवातीपासून आहे.

एक टेराबाइटच्या एसएसडीचीही गरज नाही. प्रणालीसाठी २५६ जीबीची एसएसडी रग्गड होते आणि साठा फिरत्या हार्डडिस्कवर ठेवला तरी चालतो. फोर-के ब्लू-रेचा सर्वांत जड प्रवाह सेकंदाला १२८ मेगाबिट म्हणजे १६ मेगाबाइटचा असतो, आणि साधी हार्डडिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. रकमेची विभागणी करताना यंत्राला सोळा हजारांच्या आसपास, चार टेराबाइटच्या बाह्य डिस्कला त्याखालोखाल आणि उरलेले रिमोट, केबल व कन्व्हर्टर यांना, असा अंदाज धरावा. मात्र रॅम आणि एसएसडी यांचे भाव अलीकडे चढे असल्यामुळे कोणतेही कोटेशन आठवड्याभरापुरतेच खरे मानावे. भाव अंगावर येत असतील, तर प्रोसेसरमध्ये काटकसर करावी, डिस्कमध्ये करू नये.

जागेविषयी सांगायचे, तर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, काचेच्या दारामागे हा संगणक कोंडू नये. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, आणि त्या दिवसांत बंद कप्प्यातली हवा हॉलपेक्षा बरीच तापलेली असते. बिनपंख्याचे मिनी संगणक दिसायला सुबक असले, तरी माझा कल एका मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्याच्या यंत्राकडे आहे, कारण छोटे पंखे फार वेगाने फिरतात आणि त्यांचा चिरका आवाज नाटकातल्या शांत प्रसंगांच्या नेमका आड येतो.

प्रश्न : आमच्याकडे मराठी नाटकांच्या विकत घेतलेल्या पुष्कळ व्हीसीडी आहेत आणि घरातल्या दोन लग्नांच्या डीव्हीडी आहेत. प्लेअर केव्हाच बिघडला. हे सारे संगणकावर कसे घ्यावे? लग्नाची डीव्हीडी लॅपटॉपवर लावून पाहिली, तेव्हा हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या. डिस्क खराब झाली असेल का?
— एक वाचिका, गंगापूर रोड

उत्तर : डिस्क खराब झालेली नाही. डीव्हीडीवरचे ते चित्रण इंटरलेस्ड पद्धतीचे आहे. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक फ्रेमच्या विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या वेळी, सेकंदाला ५० वेळा टिपल्या जात असत. जुना टीव्ही त्या तशाच एकाआड एक दाखवत असे. संगणक मात्र दोन्ही एकदम दाखवतो, आणि मधल्या क्षणात माणूस हललेला असल्यामुळे त्या रेघा उमटतात. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये किंवा कोडीमध्ये डीइंटरलेसिंग (या ओळी जुळवून घेण्याची सोय) सुरू केल्यावर त्या जातात. कॉपी करताना मात्र मूळ फाइल आहे तशीच ठेवावी. तिचे रूपांतर घाईने एमपी४ मध्ये केले, तर त्या रेघा चित्रात कायमच्या भाजल्या जाण्याची भीती असते.

व्हीसीडीचे काम सोपे आहे. यूएसबीवर चालणारा बाह्य डीव्हीडी ड्राइव्ह विकत घ्यावा, डिस्क उघडावी आणि ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमधली ‘डॅट’ प्रकारची फाइल विंडोजवरून थेट कॉपी करावी. लिनक्सवर हीच कृती अनेकदा चूक दाखवून थांबते, कारण व्हीसीडीवरची माहिती नेहमीच्या डेटा सीडीपेक्षा वेगळ्या रीतीने लिहिलेली असते. म्हणून एवढ्या कामापुरता विंडोजचा लॅपटॉप घ्यावा. ती फाइल व्हीएलसी आणि कोडी दोन्ही चालवतात. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटेच मावत असल्यामुळे एक नाटक दोन-तीन डिस्कवर आलेले असते. त्या फाइलींना नाटकाचे नाव आणि भागाचा आकडा लगेच द्यावा, नाहीतर प्रत्येक डिस्कवरच्या फाइलीचे मूळ नाव जवळजवळ सारखेच असल्यामुळे पुढे मोठा गोंधळ उडतो.

चित्राकडून फार अपेक्षा ठेवू नये. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. फोर-के पडद्यावर त्या एका ठिपक्याच्या वाट्याला पडद्याचे साठहून अधिक ठिपके येतात. ते ताणून सुधारून देण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर चेहऱ्यांवरून मेणाचा हात फिरवल्यासारखे करतात. कालिदास कलामंदिरात तिसऱ्या रांगेत बसून पाहिलेले नाटक त्यातून परत मिळत नाही. संवाद मात्र स्वच्छ ऐकू येतात आणि नाटकात तेवढे पुष्कळ असते. डिस्क अडत असेल, तर मऊ, ओलसर कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलाकार पुसू नये. लग्नाच्या डीव्हीडी आधी कॉपी कराव्यात. छापील व्हीसीडीपेक्षा घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर लवकर उतरतो, आणि लग्नाची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. कॉपी झाल्यावर ती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी.

प्रश्न : चित्रपटात कॅमेरा आडवा फिरू लागला, की चित्र हलकेच धक्के खाते. संगणकावर ताण नाही, हेही तपासले. टीव्ही सदोष आहे का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : टीव्ही निर्दोष असावा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि आपला संगणक टीव्हीला ६० हर्ट्झवर चित्र पाठवतो. साठाला चोविसाने भागले असता अडीच येतात, आणि फ्रेम अडीच वेळा दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, असा लंगडा क्रम चालतो. कॅमेरा स्थिर असताना तो लपतो, फिरू लागला की दिसतो. कोडीच्या प्लेअर सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र बदलण्याचा वेग) चित्राप्रमाणे बदलण्याची सोय आहे; ती प्लेबॅक सुरू होताना आणि थांबताना लागू करावी. त्यानंतर चित्रपट २४ हर्ट्झवर आणि आपल्याकडचे २५ फ्रेमचे टीव्ही कार्यक्रम व लग्नाच्या डीव्हीडी ५० हर्ट्झवर जातील. बदलाच्या वेळी पडदा क्षणभर काळा होतो, तो बिघाड समजू नये.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जाई आणि वेग कमीजास्त होणे गृहीतच असे. चित्राबरोबर आवाज आला, तेव्हा वेग स्थिर ठेवणे भाग पडले आणि २४ हा आकडा रूढ झाला. त्या आकड्याशी ६० हर्ट्झच्या पडद्याचे अजून जुळलेले नाही.

प्रश्न : टीव्हीवर संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी गाणे किंवा मारामारी घर दणाणून सोडते. वडिलांना ऐकू कमी येते, त्यांची फार अडचण होते. शिवाय त्यांना माउस चालवणे जमत नाही. मोठी स्पीकर यंत्रणा घेण्याची ऐपत नाही.
— एक वाचिका, नाशिक रोड

उत्तर : त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. चित्रपटाचा आवाज बहुधा सहा वाहिन्यांचा असतो आणि त्यांतल्या मधल्या वाहिनीवर जवळजवळ सगळे संवाद असतात. संगणकाच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये चुकून ५.१ (सहा वाहिन्या) निवडलेले असेल आणि टीव्हीला दोनच स्पीकर असतील, तर ती मधली वाहिनी नीट मिसळली न जाता संवाद पुसट होऊ शकतात. म्हणून आधी तेथे २.० (दोन वाहिन्या) निवडावे. त्यानंतर कोडीमध्ये चित्रपट चालू असताना आवाजाच्या सेटिंगमधील व्हॉल्यूम अ‍ॅम्प्लिफिकेशन हळूहळू वाढवावे. त्याने हळू आवाज उचलला जातो आणि मोठा आवाज दाबला जातो. व्हीएलसीमध्ये हेच काम कॉम्प्रेसर करतो. पुढे कधी साधा साउंडबार घेतलाच, तर तो टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या) एचडीएमआयला जोडावा, म्हणजे संगणक, सेट टॉप बॉक्स आणि ओटीटी या तिन्हींचा आवाज त्याच्यातूनच येतो.

वडिलांसाठी यूएसबी डोंगलवर चालणारा, मोजक्या बटणांचा रिमोट घ्यावा. टीव्हीच्याच रिमोटने संगणक चालवण्याची सीईसी ही सोय बहुतेक संगणकांत नसते. डोंगल संगणकाच्या मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात लावू नये. त्या पोर्टातून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला भोवतो, आणि मग रिमोटचे सेल पुन्हापुन्हा बदलले तरी बटणे अडकल्यासारखीच वागतात. वीतभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल पुढे आणला, की ही तक्रार सहसा मिटते.

प्रश्न : संगणक रात्रंदिवस चालू ठेवल्यास वीजबिल किती वाढेल? आमच्याकडे पावसाळ्यात वीज ये-जा करते, म्हणून इन्व्हर्टर आहे. पण वीज जाताच संगणक तरीही बंद पडतो.
— एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : हिशेब यंत्रावर अवलंबून आहे. १२ वॅट घेणारे यंत्र महिनाभर अखंड चालले, तर पावणेनऊ युनिटच्या आत राहते. ५० वॅट घेणाऱ्या जुन्या टॉवरला तेवढ्याच काळात ३६ युनिट लागतात. महावितरणच्या बिलात युनिटचा दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे ही जास्तीची युनिटे आपल्या घराच्या वरच्या टप्प्यातच मोजली जातात. आपले फोन किंवा दुसऱ्या खोलीतला टीव्ही या साठ्यातून काही पाहत नसेल, तर अखंड चालू ठेवण्याचे कारणच नाही; स्लीप मोड पुरेसा आहे.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला बहुधा यूपीएस मोडचा खटका असतो, तो त्या बाजूला करावा. साध्या मोडमध्ये मेन्सवरून बॅटरीवर यायला लागणारा वेळ दिवे-पंख्यांना चालतो, संगणकाचा वीजपुरवठा मात्र तेवढा वेळ तग धरत नाही. बाह्य हार्डडिस्कवर कॉपी सुरू असताना असे घडले, तर फाइलच नव्हे तर डिस्कची मांडणीही बिघडू शकते. संगणक, टीव्ही आणि डिस्क एकाच अर्थिंग केलेल्या बोर्डावर, चांगल्या स्पाइक गार्डमागे घ्याव्यात. विजा चमकत असताना मात्र स्पाइक गार्डवर विसंबू नये, प्लग काढून ठेवावेत. गच्चीवरच्या डिशची वायरही सेट टॉप बॉक्समधून काढावी, कारण बोर्ड बंद असला तरी त्या वायरीवाटे आलेला झटका एचडीएमआयमधून टीव्ही आणि संगणक या दोघांपर्यंत पोहोचू शकतो. फायबरची काचेची तार या बाबतीत निरुपद्रवी आहे. तिच्या राउटरचा वीजेचा प्लग मात्र काढावाच.